ध्रुवीय प्रदेशांतला सांस्कृतिक वारसा आणि त्याचं डिजिटल जतन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्क्टिक आणि अंटार्क्टिकातल्या ध्वनिफिती, छायाचित्रं, वस्तू आणि वास्तू यांच्या डिजिटल प्रती कशा करतात, कुठे ठेवतात, कोणाला दाखवतात आणि या कामात नेमकं कुठे बिघडतं, याची ही उत्तरं. ग्रंथालयं, संग्रहालयं, भाषा-अभ्यासक आणि घरात जुन्या मोहिमांच्या स्लाइड्स सापडलेले लोक, सगळ्यांना यातलं काही ना काही लागू पडेल.

ध्रुवांवर बर्फाशिवाय जपण्यासारखं असतं तरी काय?

दोन टोकांची उत्तरं वेगळी आहेत. उत्तरेकडे माणसं हजारो वर्षं राहत आली आहेत. अलास्कातले युपिक आणि इनुपिआक, कॅनडा व ग्रीनलंडमधले इनुइट, नॉर्वे-स्वीडन-फिनलंडपासून रशियाच्या कोला द्वीपकल्पापर्यंत पसरलेले सामी, सायबेरियातले नेनेट्स आणि चुक्ची. त्यांचा वारसा म्हणजे भाषा, गाणी, स्थलनामं, समुद्रावरचा बर्फ ओळखण्याचं ज्ञान, कातडं कमावण्याच्या आणि शिवण्याच्या रीती. यातल्या पुष्कळ वस्तू आणि ध्वनिमुद्रणं बाहेरून आलेल्या लोकांनी नेली आणि ती आज कोपनहेगन, वॉशिंग्टन, ओटावा अशा दूरच्या शहरांत आहेत.

दक्षिणेकडे मूळ रहिवासी नाहीत. तिथं आहेत त्या मोहिमांच्या लाकडी झोपड्या, देवमासे मारणाऱ्यांच्या वसाहतींचे अवशेष, बुडालेली जहाजं आणि स्मृतिफलक. रॉस बेटावरच्या स्कॉट आणि शॅकल्टन यांच्या झोपड्या सर्वांत प्रसिद्ध. अंटार्क्टिक कराराखाली 'ऐतिहासिक स्थळं आणि स्मारकं' अशी क्रमांकवार यादी आहे आणि त्या यादीतल्या गोष्टीला धक्का लावायला मनाई आहे.

म्हणून उत्तरेतला पहिला प्रश्न 'हे कोणाचं?' हा असतो, आणि दक्षिणेतला 'हात न लावता याची नोंद कशी करायची?' हा.

इतक्या थंडीत सगळं आपोआप टिकतं ना? मग घाई कशाला?

गोठलेलं गोठलेलंच राहिलं, तर टिकतं. अडचण तिथेच आहे. अलास्काच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर क्विनहागाक गावाजवळ नुनालेक नावाचं जुनं युपिक गाव आहे. वर्षानुवर्षं गोठलेल्या जमिनीत, म्हणजे पर्माफ्रॉस्टमध्ये, तिथल्या लाकडी बाहुल्या, मुखवटे, विणलेल्या गवताच्या वस्तू शेकडो वर्षं जशाच्या तशा राहिल्या. आता जमीन वितळते आहे आणि समुद्र किनारा खातो आहे. ॲबर्डीन विद्यापीठ आणि गावाची स्वतःची कंपनी यांनी २००९ पासून तिथं उत्खनन केलं. वस्तू गावाबाहेर न नेता २०१८ मध्ये गावातच संग्रहालय उघडलं. वितळलेलं लाकूड हवेवर आलं की सुकून तडकायला लागतं, त्यामुळे वस्तू जमिनीतून निघाल्या निघाल्या तिचं छायाचित्र आणि मोजमाप होणं गरजेचं असतं. नंतर करू म्हटलं तर तो आकारच उरत नाही.

अंटार्क्टिकातही कोरडी थंडी सगळीकडे नसते. झोपड्यांच्या भिंतींभोवती बर्फ साचतो, उन्हाळ्यात वितळून आत झिरपतो, लाकडावर बुरशी धरते, डबे गंजतात. रॉस बेटावरच्या केप इव्हान्स इथल्या स्कॉटच्या झोपडीत सापडलेल्या २२ नायट्रेट निगेटिव्ह (जुन्या प्रकारच्या फिल्मच्या) एकमेकींना चिकटून एक ढेकूळ झालेल्या होत्या. त्या न्यूझीलंडला नेऊन एकेक करून सोडवल्या आणि २०१३ मध्ये लोकांसमोर आल्या. थंडीने त्या टिकवल्या हे खरं, पण ओलाव्याने जवळजवळ घालवल्याही होत्या.

स्वालबार्डच्या खाणीतल्या तिजोरीत प्रत ठेवली की काम झालं का?

नाही. हा गैरसमज सर्वाधिक आढळतो, म्हणून जरा तपशीलात.

नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहावर लाँगइयरब्येनजवळ 'खाण क्रमांक ३' ही बंद पडलेली कोळशाची खाण आहे. पिक्ल ही नॉर्वेजियन कंपनी आणि स्टोअर नोर्स्के ही तिथली कोळसा कंपनी यांनी २०१७ मध्ये त्या खाणीत 'आर्क्टिक वर्ल्ड आर्काइव्ह' सुरू केलं. सुरुवातीच्या ठेवी ब्राझील आणि मेक्सिकोच्या राष्ट्रीय अभिलेखागारांच्या होत्या. आपल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या डिजिटल प्रतीही तिथं गेल्या आहेत.

माहिती ठेवतात ती ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर. क्यूआर कोडसारखे बारीक ठिपके फिल्मवर छापले जातात. सोबत, ही फिल्म कशी वाचायची याच्या सूचना साध्या अक्षरांत असतात, म्हणजे भिंग आणि उजेड असला तरी सुरुवात करता येईल. कल्पना उत्तम आहे. पण क्षमता पाहा. गिटहब या संगणकीय कोड साठवणाऱ्या संकेतस्थळाने २ फेब्रुवारी २०२० रोजीचा आपला सार्वजनिक संगणकीय कोड तिथं ठेवला, तेव्हा २१ टेराबाइटसाठी १८६ रिळं लागली. एका रिळात सरासरी ११० जीबीच्या आसपास. पुढे उदाहरणादाखल घेतलेल्या एका लहान गावाच्या संग्रहालाच पस्तीसेक रिळं लागतील.

दुसरी गोष्ट, ही तिजोरी इंटरनेटला जोडलेली नाही. चुकून पुसली जाण्यापासून किंवा सायबर हल्ल्यापासून तिला संरक्षण आहे ते त्यामुळेच. पण फाइल हवी असेल तर मागणी नोंदवायची, कोणीतरी रीळ काढून स्कॅन करायचं, मग ती मिळणार. शाळेतल्या मुलीला आजीच्या आवाजातलं गाणं ऐकायचं असेल तर या तिजोरीचा उपयोग शून्य.

आणि 'तिथं काहीच होणार नाही' असंही गृहीत धरू नये. त्याच डोंगराळ भागातल्या जागतिक बियाणं-तिजोरीच्या प्रवेश-बोगद्यात २०१६ च्या शरद ऋतूत पाणी शिरून गोठलं होतं. बियाण्यांना धक्का लागला नाही, पण बोगदा नव्याने बांधावा लागला. अशी तिजोरी ही चौथी किंवा पाचवी प्रत ठेवायची जागा आहे. पहिल्या तीन प्रतींचा पत्ता नसताना तिच्यासाठी पैसे मोजणं म्हणजे घराला दार नसताना कुलूप विकत घेणं.

जुन्या ध्वनिफितींपासून सुरुवात करायची आहे. नेमकं कसं?

सुरुवात फितींपासूनच करावी, कारण छायाचित्र आणखी वीस वर्षं थांबेल, पण फीत वाजवणारी यंत्रं आणि ती दुरुस्त करणारे हात थांबणार नाहीत. आर्क्टिकमधला वृद्धांच्या मुलाखतींचा मोठा साठा १९६० ते १९९० च्या काळातल्या रिळांवर आणि कॅसेटवर आहे.

गोठलेल्या गोदामातून फीत आणली की लगेच पेटी उघडू नका. फीत, हार्ड डिस्क, कॅमेरा, काहीही उणे तापमानातून उबदार खोलीत आणताना आधी, बाहेर असतानाच, हवाबंद पिशवीत घालायचं आणि आत आणून किमान २४ तास तसंच ठेवायचं. नाहीतर खोलीतलं बाष्प थंड पृष्ठभागावर साचतं. उलट अडचणही असते. बाहेर उणे ३० असताना तापवलेल्या खोलीची सापेक्ष आर्द्रता १५ टक्क्यांच्याही खाली जाते. अशा कोरड्या हवेत फितीवर स्थिर वीज साठते, धूळ चिकटते, वाजवताना चटचट आवाज येतात. खोलीत ३० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता राखा. त्याहून वर नेली तर थंड भिंतींवर पाणी धरायला लागतं.

मग फितीचा पाया ओळखा. रीळ उजेडासमोर धरलं आणि कडेने उजेड आरपार आला तर ॲसिटेट, नाही आला तर बहुधा पॉलिएस्टर. ॲसिटेटला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती फीत रांगेत सर्वांत पुढे घ्या आणि बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. १९७०-८० च्या दशकातल्या, मागच्या बाजूला काळा थर असलेल्या काही पॉलिएस्टर फिती वाजवताना चिकटतात, किंचाळतात आणि यंत्राच्या डोक्यावर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, तपकिरी लगदा सोडतात. त्यातला चिकटवणारा पदार्थ ओलावा शोषून सैल झालेला असतो. अशी फीत सुमारे ५० ते ५५ अंशांवर, नियंत्रित उष्णतेच्या पेटीत आठेक तास ठेवली की काही आठवडे वाजवण्याजोगी होते. स्वयंपाकघरातली भट्टी चालणार नाही, तिचं तापमान वरखाली होतं. ॲसिटेट फितीला हा उपाय कधीही करू नये, ती कायमची वाकडी होते.

वाजवण्याआधी यंत्राची डोकी पुसा, चुंबकत्व काढा, आणि प्रत्येक कॅसेटसाठी डोक्याचा कोन नव्याने जुळवा. हा कोन चुकला की वरचे स्वर दबतात आणि ते नंतर सॉफ्टवेअरने परत येत नाहीत. गती ऐकून ठरवा : सेकंदाला साडेसात इंच, पावणेचार इंच, की त्याच्याही निम्मी.

मूळ प्रत ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये, ब्रॉडकास्ट वेव्ह या न दाबलेल्या ध्वनिफाइलच्या स्वरूपात घ्या. नुसत्या बोलण्यासाठी ४८ किलोहर्ट्झही मान्य आहे. ९६/२४ च्या स्टिरिओ मुद्रणाला तासाला सुमारे २ जीबी लागतात. गाळणी, खरखर काढणं, आवाज वाढवणं हे सगळं ऐकण्याच्या प्रतीवर करायचं, मूळ प्रतीवर नाही.

मुलाखत वाजवली तर आवाज चिमणीसारखा बारीक आणि भराभर येतो. फीत खराब आहे का?

बहुधा नाही. थंडीत रेकॉर्डरच्या बॅटऱ्या मंदावल्या, फीत मुद्रणाच्या वेळी हळू फिरली, आणि आता बरोबर गतीने वाजवल्यावर सगळं पळतं आहे. खोलीत वीज असेल तर मागे एक बारीक गुणगुण सापडते. अलास्का आणि कॅनडात ती ६० हर्ट्झची असायला हवी, ग्रीनलंड आणि नॉर्वेत ५० ची. आवाजाच्या वर्णपटात ६० च्या जागी ६३ दिसलं तर रेकॉर्डर सुमारे पाच टक्के हळू चालत होता, इतका साधा हिशेब. दुरुस्ती वेगळ्या प्रतीत करा आणि किती केली ते नोंदीत लिहा. बॅटरी मुलाखतभर मावळत गेली असेल तर सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा वेगळा येतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी मोजा.

छायाचित्रांतली माणसं कोण, हे कसं शोधायचं?

कॅनडाच्या दक्षिण भागातल्या कार्यालयांत ठेवलेल्या हजारो चित्रांखाली 'एस्किमो स्त्री आणि मूल' एवढंच लिहिलेलं असे. कॅनडाच्या राष्ट्रीय ग्रंथालय व अभिलेखागाराने या शतकाच्या सुरुवातीला, नुनावुत सिवुनिक्सावुत या तरुण इनुइटांच्या शिक्षणसंस्थेच्या साथीने, 'प्रोजेक्ट नेमिंग' सुरू केलं. तरुण मुलं लॅपटॉपवर चित्रं घेऊन गावी जातात, म्हाताऱ्या माणसांना दाखवतात आणि नावं टिपून आणतात. २०१५ पासून त्यात फर्स्ट नेशन्स आणि मेटी हे कॅनडातले इतर मूळ रहिवासी समाजही आले.

पद्धत सोपी वाटते, पण चुकते पुष्कळदा. नावं सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहिली नाही तर पुढच्या पिढीला मतभेद सोडवता येत नाहीत. दोघांनी दोन नावं सांगितली तर दोन्ही ठेवा, कार्यालयात बसून निवाडा करू नका. पडद्यापेक्षा ए४ कागदावरचे मोठे छाप वृद्धांना सोयीचे पडतात. चित्राच्या मागे कोणती फाइल आहे तो क्रमांक छापावरच असू द्या, नाहीतर टेबलावर गठ्ठा विस्कटला की सगळं गेलं.

एका माणसाच्या अनेक ओळखी हा आणखी एक घोळ. १९४० च्या दशकापासून कॅनडा सरकारने इनुइटांना गळ्यात घालायच्या क्रमांकाच्या चकत्या दिल्या होत्या. मग १९७० च्या सुमारास सरकारी मोहिमेतून आडनावं दिली. त्यामुळे जुन्या नोंदीत क्रमांक, मधल्या नोंदीत मिशनऱ्यांनी ऐकून लिहिलेलं नाव आणि नव्या नोंदीत आडनाव, अशी एकच व्यक्ती तीनदा येते. प्रत्येक व्यक्तीची एक मुख्य नोंद करून बाकीची सगळी रूपं तिला जोडा. चकतीचा क्रमांक शोधासाठी आत ठेवावा, पण सार्वजनिक पानावर मिरवू नये. अनेक कुटुंबांसाठी ती आठवण अपमानाची आहे.

इनुक्टिटुट मजकूर उघडला की भलतीच अक्षरं दिसतात. फाइल खराब झाली का?

ज्याने 'श्रीलिपी'त टाइप केलेली जुनी मराठी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली आहे, त्याला हा आजार माहीत आहे. इनुक्टिटुट या कॅनडातल्या इनुइटांच्या भाषेची चिन्हलिपी १९९९ मध्ये युनिकोडच्या तिसऱ्या आवृत्तीत आली. त्याआधी 'नुनाकॉम' आणि 'प्रोसिल' असे फाँट चालत, ज्यांत रोमन अक्षरांच्या जागी चिन्हं बसवलेली होती. फाँट नसेल तर मजकूर रोमन अक्षरं आणि आकड्यांची खिचडी दिसतो.

रूपांतरक वापरून युनिकोडमध्ये आणा, पण मूळ फाइल फेकू नका आणि ती कोणत्या फाँटमध्ये होती ते लिहून ठेवा. एकाच दस्तऐवजात इंग्रजी परिच्छेद असतील तर रूपांतरक त्यांचीही चिन्हं करून टाकतो, तेव्हा फाँट पाहून तुकड्या-तुकड्याने बदला. छापील प्रतीशी ताडून पाहणं टाळता येत नाही.

शोधाची एक खास अडचण आहे. १९७६ च्या प्रमाणीकरणात नुनावुत या कॅनडाच्या उत्तरेकडच्या इनुइट प्रदेशाने चिन्हांच्या तक्त्यातला स्वरांचा एक स्तंभ सोडला, क्वेबेकच्या उत्तरेकडच्या नुनाविकमध्ये तो पुढे पुन्हा वापरात आला. एकच शब्द दोन रीतींनी लिहिला जातो. शिवाय २०१९ मध्ये कॅनडातल्या इनुइटांच्या राष्ट्रीय संघटनेने एक सामाईक रोमन लेखनपद्धतही मान्य केली आहे. मजकूर ज्याने जसा लिहिला तसाच दाखवावा. शोधाच्या सूचीत मात्र सगळी रूपं एकमेकांकडे वळवावीत.

सगळं खुलं करून टाकलं तर काय हरकत आहे? ज्ञान सर्वांचं असतं ना?

हरकत त्या लोकांची असते ज्यांचा तो वारसा आहे, आणि ती रास्त आहे. काही गाणी एका घराण्याची असतात. सामी लोकांचा योइक, म्हणजे त्यांचं पारंपरिक गाणं, एखाद्या व्यक्तीचा असतो, तो कोणीही उचलून जाहिरातीत लावावा ही कल्पनाच त्यांना सहन होत नाही. दफनस्थळांचे अक्षांश-रेखांश खुले केले की वस्तूचोर पोचतात. जुन्या मुलाखतींना परवानगी दिली गेली ती एका संशोधकाला, एका टेपसाठी. तेव्हा इंटरनेट नव्हतं.

म्हणून आता 'केअर' तत्त्वं पाळतात : समाजाचा सामूहिक लाभ, नियंत्रणाचा अधिकार, जबाबदारी आणि नीती. ती २०१९ मध्ये मांडली गेली. कॅनडातल्या इनुइटांनी २०१८ मध्ये संशोधनाविषयीचं स्वतःचं राष्ट्रीय धोरणही जाहीर केलं आहे. प्रत्यक्षात याचा अर्थ असा, की कोणती फाइल कोणी पाहावी हे फाइल अपलोड करण्याआधी ठरतं आणि ते गाव ठरवतं.

या कामासाठी 'मुकुर्तू' ही मोफत प्रणाली आहे. ती ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू समाजाच्या गरजेतून जन्मली आणि वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात वाढली. प्रत्येक वस्तूला नियम जोडता येतात : फक्त या कुटुंबासाठी, फक्त स्त्रियांसाठी, सर्वांसाठी. सोबत 'लोकल काँटेक्स्ट्स' या उपक्रमाची लेबलं लावता येतात, उदाहरणार्थ 'हे ठरावीक ऋतूतच ऐकावं'. लेबल म्हणजे कुलूप नव्हे. ते पाहणाऱ्याला रीत सांगतं, अडवत नाही. अडवायचं असेल तर नियमच लावावा लागतो, आणि ही दोन कामं लोक सर्रास एक समजतात.

नियम लावूनही फाइली बाहेर फुटतात, त्या कुठून?

नेहमीच्या चार वाटा आहेत. एका वस्तूला दोन नियम लावले आणि 'दोन्ही पाळणाऱ्यांनाच' ऐवजी 'कोणताही एक पाळणाऱ्याला' हा पर्याय राहून गेला. मोठं चित्र बंद, पण त्याचं लघुरूप शोधाच्या पानावर उघडं. छायाचित्राच्या फाइलमध्ये कॅमेऱ्याने लिहिलेलं जीपीएस स्थान तसंच. आणि चौथी, सर्वांत साधी : मथळ्यातच सगळं सांगून टाकलेलं, 'अमक्याच्या थडग्याजवळ'. साइट खुली करण्याआधी खात्यातून बाहेर पडून, अनोळखी पाहुण्यासारखं, प्रत्येक बंद वस्तू शोधून पाहा.

मग सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

गावात संगणक सांभाळणारं माणूस नसेल तर सुरुवातीची दोन वर्षं कोणतंच नको. नीट नावं दिलेले फोल्डर आणि एक साधी तक्ता-फाइल पुरते. नंतर प्रवेशाचे नियम महत्त्वाचे असतील तर मुकुर्तू. नकाशा, स्थलनामं आणि प्रवासाच्या वाटा महत्त्वाच्या असतील तर कार्लटन विद्यापीठात विकसित झालेलं 'नुनालीत'. ध्रुवीय संशोधक कनुड रासमुसेनच्या १९२१-२४ च्या पाचव्या थुले मोहिमेतली सामग्री केंब्रिज बे इथल्या वारसा संस्थेने याच साधनावर नकाशाच्या रूपाने मांडली आहे.

फुकट सॉफ्टवेअरलाही खर्च असतो. मुकुर्तूची तिसरी आवृत्ती ज्या द्रुपल ७ या संकेतस्थळं बांधण्याच्या प्रणालीवर उभी होती, त्याचा आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. ज्यांनी स्थलांतराची तरतूद केली नव्हती त्यांच्या साइट असुरक्षित झाल्या. सगळी माहिती सीएसव्ही (साधी तक्ता-फाइल) आणि मूळ फाइलींच्या रूपात दरवर्षी बाहेर काढता येते का, हे निवडीआधीच करून बघा.

किती जागा लागेल?

एक लहान गाव धरू : ४०० तासांच्या फिती, ६,००० स्लाइड व निगेटिव्ह, ६० तासांच्या व्हिडिओ कॅसेट. फितींना ८३० जीबी. ३५ मिमीची चौकट ४,००० पीपीआय (इंचाला इतके ठिपके), १६ बिट टिफ या चित्र-स्वरूपात सुमारे १२८ एमबी, म्हणजे ७७० जीबी. साधा व्हिडिओ एफएफव्ही१ या दर्जा न घटवणाऱ्या स्वरूपात तासाला ४० जीबीच्या आसपास, म्हणजे २.४ टीबी. एकूण ४ टीबी. प्रत्येकी ८ टीबीच्या डिस्कवर तीन प्रती : एक गावात, एक दुसऱ्या इमारतीत, एक दुसऱ्या शहरात. लाकडी इमारती आणि सतत चालणारी शेगडी असलेल्या गावात आग हा पुरापेक्षा मोठा धोका आहे, म्हणून 'दुसरी इमारत' हा शब्दशः घ्या.

वेळेचा अंदाज मात्र लोक फार कमी धरतात. तासाभराची फीत उतरवायला तयारीसकट दोन-तीन तास लागतात. तिचा शब्दशः मजकूर लिहायला, तोही कमी लिहिल्या जाणाऱ्या भाषेत, ३० ते ४० तास सहज.

मजकूर यंत्राकडून लिहून घेता येत नाही का?

लेखी इनुक्टिटुटच्या यंत्रभाषांतराला नुनावुत विधानसभेच्या द्विभाषिक कामकाज-नोंदींमुळे बळ मिळालं आणि २०२१ पासून मायक्रोसॉफ्टच्या भाषांतरकात ती भाषा आहे. पण विधानसभेची भाषा आणि ७५ वर्षांच्या शिकाऱ्याची १९७४ मधली बोली यांत अंतर आहे. कच्चा खर्डा म्हणून वापरा, 'यंत्राने लिहिलं' अशी नोंद करा, आणि बंद फिती कोणत्याही ऑनलाइन सेवेला देऊ नका.

गावात इंटरनेट मंद आहे. फाइली पाठवायच्या कशा?

नुनावुतमधल्या २५ गावांपैकी एकालाही बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता नाही आणि इंटरनेट उपग्रहावरून येतं. वरचे ४ टीबी सेकंदाला १० मेगाबिटच्या जोडणीवर, एकदाही न तुटता, ३७ दिवस घेतील. विमानाने डिस्क पाठवणं जलद आणि स्वस्त.

पाठवताना 'बॅगइट' रचना वापरा : फाइलींचा एक फोल्डर आणि सोबत प्रत्येक फाइलच्या एसएचए-२५६ खुणेची (फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या ओळख-आकड्याची) यादी. पोचल्यावर खुणा पुन्हा काढून ताडायच्या, जुळल्याची खबर आली की मगच इथली प्रत हलवायची. दोन डिस्क दोन वेगळ्या विमानांनी. डिस्क पोचल्यावर उबदार होईपर्यंत पिशवीत. बहुतेक डिस्क ५ अंशांखाली चालवू नयेत असं उत्पादक सांगतात, आणि लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर आतून कायमची बिघडते.

गावातल्या लोकांसाठी प्रती गावातच ठेवा. १९९० मध्ये इग्लूलिकमध्ये सुरू झालेल्या इसुमा या इनुइट निर्मितीसंस्थेने २००८ मध्ये इसुमाटीव्ही हे संकेतस्थळ उघडलं आणि मंद जोडणीच्या गावांत स्थानिक मीडिया-प्लेअर बसवले. व्हिडिओ रात्री हळूहळू उतरतात, दिवसा गावकरी ते स्थानिक जाळ्यावरून पाहतात. शाळेत ठेवलेला एक छोटा संगणक आणि वाय-फाय एवढ्यावरही हे जमतं.

बर्फात वस्तूचं किंवा वास्तूचं त्रिमितीय चित्रण करताना काय चुकतं?

फोटोग्रॅमेट्रीत, म्हणजे छायाचित्रांवरून त्रिमितीय रूप बांधताना, सॉफ्टवेअर एकाच ठिपक्याला अनेक छायाचित्रांत ओळखतं. कोऱ्या बर्फावर ओळखायला ठिपकाच नसतो, त्यामुळे झोपडीच्या पायाभोवतीचा भाग गळतो किंवा लाटांसारखा उमटतो. चौकटीत बर्फ कमी घ्या, भोवती खुणांचे फलक रोवा, लगतच्या चित्रांत ७० ते ८० टक्के भाग सामाईक ठेवा. कॅमेऱ्याचा स्वयंचलित प्रकाशमापक बर्फ राखाडी करतो, तेव्हा एक ते दीड टप्पा वाढवा आणि रॉ स्वरूपात घ्या. मोजमापाच्या तीन-चार पट्ट्या नसतील तर चित्र सुंदर येईल, पण त्यावरून लांबी सांगता येणार नाही.

ध्रुवीय उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, क्षितिजाभोवती तासाला १५ अंश फिरतो. लांबच लांब सावल्या सरकत राहतात. ढगाळ दिवस पकडा, नाहीतर एक बाजू अर्ध्या तासात उरका. चुंबकीय ध्रुवाजवळ ड्रोनचं होकायंत्र भरकटतं, आणि अंटार्क्टिकात ड्रोनला परवाना लागतो.

हात न लावता नोंद करण्याचं सर्वांत मोठं उदाहरण वेडेल समुद्रात आहे. शॅकल्टनचं 'एन्ड्युरन्स' १९१५ मध्ये बुडालं, ५ मार्च २०२२ रोजी ३,००८ मीटर खोलीवर सापडलं. ते संरक्षित असल्याने एक खिळाही वर आणला नाही. पाण्याखालच्या यंत्राने टिपलेल्या सुमारे २५,००० प्रतिमांवरून त्याचं त्रिमितीय रूप बांधलं गेलं. जतन करताना मात्र तयार प्रतिकृतीपेक्षा मूळ प्रतिमा आणि मोजमापं महत्त्वाची. दहा वर्षांनी सॉफ्टवेअर सुधारेल, तेव्हा त्यांच्यातूनच अधिक चांगली प्रतिकृती निघेल.

डिजिटल प्रत दिली म्हणजे वस्तू परत केली असं मानायचं का?

मुळीच नाही. डेन्मार्कने १९८२ ते २००१ या काळात सुमारे ३५,००० वस्तू ग्रीनलंडला प्रत्यक्ष परत केल्या. ती परतफेड. कॅनडाच्या पश्चिम आर्क्टिकमधल्या इनुव्हिआलुइट लोकांच्या १८६० च्या दशकात गोळा झालेल्या जवळपास ५,००० वस्तू आणि नमुने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. २००९ मध्ये त्यांचे जाणते लोक आणि शिवणकार स्त्रिया तिथं गेल्या, वस्तू हाताळल्या, शिवण कशी घातली ते पाहून घेतलं, आणि २०१२ मध्ये त्यांचं संकेतस्थळ उभं राहिलं. त्या चित्रांवरून कपड्यांचे नमुने पुन्हा बेतता येतात. उपयोग मोठा आहे, पण वस्तू वॉशिंग्टनमध्येच आहेत. करारात 'डिजिटल परतावा' असा शब्द दिसला तर तो प्रत्यक्ष परताव्याचा हक्क सोडून देत नाही ना, ते वाचून घ्या.

भारताचा यात काही वारसा आहे का? घरात मोहिमेच्या जुन्या स्लाइड्स आहेत.

आहे. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालची पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकाला पोचली. तिच्या सदस्यांच्या नावांचा फलक अंटार्क्टिक कराराच्या यादीत क्रमांक ४४ वर आहे. नवव्या मोहिमेत जानेवारी १९९० मध्ये दगावलेल्या चौघांचं स्मारक क्रमांक ७८. दक्षिण गंगोत्री हे पहिलं स्थानक बर्फाखाली गाडलं गेलं. तिथलं रोजचं जगणं आता मुख्यतः छायाचित्रांत, रोजनिशींत आणि माणसांच्या आठवणींत आहे.

त्या मोहिमांत वैज्ञानिकांसोबत सैन्यदलांतले अभियंते, डॉक्टर, स्वयंपाकीही होते, आणि स्लाइड्स अनेकदा घरच्या कपाटातच राहतात. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते. बुरशी फिल्मवरचा जिलेटिनचा थर खाते आणि तो पाण्यात विरघळण्याजोगा करते, म्हणून ओल्या फडक्याने पुसू नका. हवेच्या फुग्याने धूळ उडवा, फिल्म साफ करण्याचं बिनपाण्याचं द्रावण वापरा, मग सिलिका जेलसोबत घट्ट डब्यात ठेवा. स्कॅनर ४,००० पीपीआयवर चालवा. चौकटीवर 'कोडाक्रोम' लिहिलेलं असेल तर स्कॅनरची इन्फ्रारेड धूळ-सफाई बंद ठेवा, ती त्या फिल्मवर चुकीचे डाग पाडते. स्लाइडच्या चौकटीवर हाताने लिहिलेलं काही असेल तर चौकटीचाही फोटो घ्या, दोन्ही बाजूंनी.

मोहिमेतली व्यक्ती हयात असेल तर स्कॅनिंगच्या आधी तिच्यासमोर स्लाइड्स पाहत तासभराचं ध्वनिमुद्रण करा, प्रत्येक स्लाइडचा क्रमांक मोठ्याने बोलून. कोण, कुठे, कोणतं यंत्र, कोणता महिना. मग वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राला पत्र लिहून प्रतींबद्दल विचारा. मूळ स्लाइड्स मात्र स्कॅन झाल्या म्हणून टाकून देऊ नका.